वेढ्यांचा हिशेब

जळगावच्या सराफ बाजारात एकाच नमुन्याच्या दोन बांगड्या समोर ठेवल्या, वजन सारखं भरलं आणि दोन्हींवर ९१६ चा शिक्का असला, की सोन्याबद्दल आणखी काही विचारावं लागत नाही. मजुरी कमीजास्त असेल, नक्षी डावी-उजवी असेल, पण सोनं म्हणून त्या दोन बांगड्या एकच. कस लावता येणाऱ्या वस्तूचं हे सुख आहे. वाद्याला असा कस नाही. एकाच कारखान्यातून, एकाच आठवड्यात, एकाच नमुन्याबरहुकूम बाहेर पडलेल्या दोन इलेक्ट्रिक गिटारी घेतल्या, तर एकीची दांडी मुठीत भरते आणि दुसरीची बोटांत सहज फिरते. एकीचा आवाज धारदार निघतो, दुसरीचा भरीव आणि गोल. १९५० ते १९६५ या काळात बनलेल्या अमेरिकन गिटारींत हा फरक इतका ठळक आहे की त्याच्याभोवती एक दंतकथाच उभी राहिली. त्या कारागिरांच्या हाताला काही वेगळंच होतं, त्या लाकडात काही वेगळंच होतं, आता तसं पुन्हा होणे नाही, असं सांगितलं जातं. या प्रकरणातलं म्हणणं निराळं आहे. जुन्या गिटारींतला फरक मोजता येतो आणि त्याची कारणं सांगता येतात. त्या गिटारींची कीर्ती झाली ती त्या एकमेकींपासून दूर होत्या आणि वादकांना त्यांतून निवडायला वाव होता म्हणून. सरसकट सगळ्या चांगल्या होत्या म्हणून नाही. धुळे-जळगावच्या वाचकाला यात रस असायला एक जवळचं कारणही आहे. त्याच जातकुळीचं एक विजेचं तंतुवाद्य इथल्या वरातींत वाजतं, आणि त्याच्या घडणीकडे अजून कुणी नीट पाहिलेलं नाही.

विजेवरची गिटार समजून घ्यायला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाइतकी सोयीची जागा नाही. केळीच्या आणि कपाशीच्या पट्ट्यात तालुक्याच्या प्रत्येक गावी असं एखादं तरी दुकान असतं. विहिरीवरची मोटार जळाली की ती तिथं येते, जळकी तार काढली जाते आणि इनॅमल चढवलेल्या नव्या तांब्याच्या तारेचे वेढे भरले जातात. तार किती गेजची आणि वेढे किती, यावर ती मोटार पुढं कशी चालेल हे ठरतं. गिटारीचा पिकअप ही याच विद्येची बारीक आवृत्ती आहे. लोहचुंबकाभोवती माणसाच्या केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत अगदी क्षीण वीज उमटते आणि ती अँप्लिफायरकडे जाते. लाकडाच्या पोकळीतून आवाज वाढवून घेण्याची गरजच इथं उरत नाही. म्हणून तर पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार लाकडाची नव्हतीच. १९३१-३२ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी ती अॅल्युमिनियम ओतून केली. तिचा आकार तव्यासारखा होता आणि ती मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून पोलादी तुकडा सरकवत वाजवायची हवाईयन गिटार होती. हिंदी चित्रपटसंगीतात व्हॅन शिपले यांनी ओळखीचा केलेला तरंगता स्वर याच घराण्यातला.

पिकअपमध्ये वेढ्यांना एवढं महत्त्व असेल तर कारखान्यात ते मोजून भरत असतील, असं आपण गृहीत धरतो. फरक शिरायची पहिली फट इथंच आहे. मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावी गिब्सन कंपनीसाठी सेथ लव्हर या अभियंत्यानं दोन गुंडाळ्यांचा एक पिकअप तयार केला. विजेच्या तारांमधून येणारी घूं घूं दोन गुंडाळ्यांनी एकमेकींत मारून टाकायची, ही त्यामागची कल्पना. पेटंटचा अर्ज १९५५ साली गेला, पेटंट १९५९ साली मिळालं. पेटंट मिळण्याआधी आणि त्यानंतरही काही काळ पिकअपच्या तळाशी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवत, आणि त्या चिठ्ठीमुळे हे पिकअप आज जगभर ओळखले जातात. प्रत्येक गुंडाळीला साधारण ५००० वेढे द्यायचे होते. प्रत्यक्षात गुंडाळणारी व्यक्ती बॉबिन भरली असं दिसलं की यंत्र थांबवी. कुठं वेढे कमी पडले, कुठं जास्त झाले. एकाच पिकअपच्या दोन गुंडाळ्याही सारख्या राहिल्या नाहीत. आज अशा पिकअपचा विद्युत रोध मोजला तर कुणाचा ७ किलोओमच्या आसपास निघतो, कुणाचा ९ च्या घरात जातो. लोहचुंबकही एकाच जातीचे नव्हते. अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूच्या वेगवेगळ्या प्रती त्या वेळी बाजारात होत्या आणि जी हाती येई ती बसवली जाई. काळ्या प्लास्टिकचा पुरवठा कमी पडला तेव्हा मलईच्या रंगाच्या बॉबिन वापरल्या गेल्या. धातूच्या झाकणाखाली रंग दिसणार नव्हता, म्हणून कुणाला त्याची फिकीर नव्हती. पुढं वादकांनी झाकणं काढून टाकली, आणि दोन मलई रंगाच्या बॉबिन असलेला पिकअप संग्राहकांच्या बाजारात जास्त भावानं जाऊ लागला.

हे सगळं कानाला खरोखर जाणवतं का, हा प्रश्न रास्त आहे. वेढे ५००० ऐवजी ५५०० झाले, म्हणजे दहा टक्क्यांनी वाढले, तर मिळणाऱ्या विजेचा जोर साधारण तेवढ्याच प्रमाणात वाढतो. पण गुंडाळीचा दुसरा एक गुण, विजेच्या बदलाला आडवं येण्याचा, वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो वीस टक्क्यांहून थोडा जास्त होतो. परिणामी टिपेचा जो पट्टा पिकअप सर्वांत ठळक करतो तो सुमारे एक दशांशानं खाली सरकतो. कानाला हे आवाज ‘जाड’ झाल्यासारखं वाटतं, धार जरा बोथट झाल्यासारखी. त्यात आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचा रोध, ज्यात त्या काळी वीस टक्के इकडंतिकडं चालवून घेत, आणि चुंबकाची प्रत यांची भर घाला. कुणीही मुद्दाम काही केलेलं नाही, तरी दोन गिटारी दोन स्वभावांच्या झाल्या. यात गूढ काही नाही, आणि कारागिरीचा अपमानही नाही. हजारो वेढे हातानं सावरत, तार न तुटू देता, तासन्तास भरणं हे फार कौशल्याचं काम आहे. फेंडर कंपनीत १९५६ साली रुजू झालेल्या अॅबिगेल इबारा यांचं नाव आज गिटारवाले आदरानं घेतात ते याच कामासाठी.

फेंडरची तऱ्हा आणखी बोलकी आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी लिओ फेंडर यांनी १९५० साली सपाट भरीव फळीची गिटार बाजारात आणली. तिला पुढं टेलिकास्टर हे नाव मिळालं. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. जुन्या पद्धतीत दांडी धडाला सरसानं कायमची जोडत. फेंडरांनी ती स्क्रूनं बसवली. दांड्या एकीकडे तयार होत, धडं दुसरीकडे, आणि जोडणाऱ्या टेबलावर ढिगातून हाताला येईल ती दांडी हाताला येईल त्या धडावर बसे. दांडीच्या बुडाशी तारीख घालायची रीत होती, सुरुवातीच्या वर्षांत पेन्सिलीनं, नंतर शिक्क्यानं. काही दांड्यांवर कामगाराची आद्याक्षरंही सापडतात. टाडेओ गोमेझ यांची दोन अक्षरं त्यांत सर्वांत प्रसिद्ध. त्यामुळे एकाच गिटारीत दांडीची तारीख वसंतातली आणि धडाची तारीख शरदातली असं सर्रास आढळतं. दांडीच्या जोडामागच्या पत्र्यावरचा अनुक्रमांक त्याहून फसवा, कारण ते पत्रे खोक्यातून कोणत्याही क्रमानं उचलले जात. मोठा क्रमांक म्हणजे नंतरची गिटार, असं धरून चाललं की चूक ठरलेली.

धुळ्यात हस्तलिखितांचं काम जवळून पाहिलेल्या माणसाला ही अडचण ओळखीची वाटेल. इथं १८९३ पासून सत्कार्योत्तेजक सभा आहे, शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेल्या रामदासी पोथ्यांचं समर्थ वाग्देवता मंदिर आहे, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथंच देह ठेवलेल्या वि. का. राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. पोथीच्या शेवटी लिहिलेला शक हा तीच पोथी लिहिल्याचा असेलच असं नाही. नकलकारानं मूळ प्रतीतला शकही इमानानं उतरवून घेतलेला असतो. म्हणून अभ्यासक कागद पाहतो, शाई पाहतो, अक्षराचं वळण पाहतो, पाठांतले फरक पाहतो आणि या साक्षी एकमेकींवर घासून निर्णय करतो. एक साक्ष कधी पुरत नाही. दोन प्रतींतला फरक त्याला नकोसा वाटत नाही, कारण प्रत कुणाच्या हातून आणि कोणत्या वाटेनं आली हे त्या फरकातूनच कळतं. गिटारीचंही असंच आहे. दांडीवरची तारीख, तारेवरच्या इनॅमलचा रंग, झाळकामाची पद्धत, धडाचं लाकूड (स्ट्रॅटोकास्टरचं धड १९५६ च्या मध्यापर्यंत बहुधा अॅशचं, नंतर बहुधा आल्डरचं) अशा पाचसहा साक्षी जुळल्या तरच वर्ष नक्की करता येतं. एखादी साक्ष फुटली तर बहुतेक वेळा मागं एखादी दुरुस्ती असते, आणि दुरुस्ती हाही त्या वाद्याच्या आयुष्याचाच भाग.

फरक असा सिद्ध झाला, पण कीर्ती त्यातून कशी आली? गिब्सनची सनबर्स्ट रंगाची लेस पॉल याचं उत्तम उत्तर देते. १९५८ ते १९६० या तीन वर्षांत ती दीड हजारांच्या आसपास बनली. आज तिच्या एकेका नगाला लाखो डॉलर मोजले जातात. पण त्या काळी ती इतकी कमी खपली की कंपनीनं तो आकारच बंद केला. या तीन वर्षांत दांडीची जाडी बदलत गेली, १९५८ ची भरगच्च, १९६० ची सडसडीत. वजन साडेतीन किलोंपासून सव्वाचार किलोंपर्यंत पडे. वरच्या लाल रंगात वापरलेला रंजक उन्हानं उडत असे, म्हणून कुणी अजून लालभडक आहे, कुणी मधासारखी तर कुणी जवळजवळ लिंबासारखी पिवळी. मग साठच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या तरुण वादकांनी जुन्या सामानाच्या दुकानांतून या गिटारी उचलायला सुरुवात केली. तिथं पाचदहा वाजवून पाहायच्या आणि हाताला-कानाला बसेल ती घ्यायची, हीच पद्धत होती. १९६६ साली एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्याबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रणात अशीच एक लेस पॉल वाजली, आणि तो आवाज मिळवण्यासाठी धावाधाव सुरू झाली. कंपनीनं १९६८ साली लेस पॉलचं उत्पादन पुन्हा चालू केलं. जगानं ऐकला तो आवाज निवडलेल्या गिटारींचा होता. पण लौकिक मिळाला तो वर्षाला. मग त्या वर्षाच्या न निवडलेल्या गिटारीही त्याच लौकिकावर विकल्या जाऊ लागल्या. फरकाचा पट्टा जितका रुंद, तितका त्याच्या वरच्या टोकाला असामान्य नग सापडण्याचा संभव जास्त, आणि खालच्या टोकाला अगदी सामान्य नग सापडण्याचाही. वरचं टोक कानावर येत राहतं, खालचं कुठंतरी पेटीत पडून असतं.

यावर पहिला आक्षेप लाकडाचा. साठ-सत्तर वर्षांत लाकूड सुकतं, हलकं होतं, राळ घट्ट होते. मग जुनं वाद्य जुनं असल्यामुळेच चांगलं वाजत असेल, असं का म्हणू नये? लाकूड बदलतं हे खरं आहे. तार ज्या आधारावर ताणलेली असते तो आधार काही कंप गिळतो, काही परत देतो, म्हणून भरीव गिटारीतही लाकडाचा परिणाम शून्य नाही. पण हा आक्षेप एका ठिकाणी अडतो. १९५९ च्या सगळ्या गिटारींचं वय सारखंच आहे. एक अप्रतिम आणि दुसरी सुमार असेल, तर त्या दोघींतला फरक वयानं समजावून देता येणार नाही. दोघींना समान असलेली गोष्ट दोघींतल्या फरकाचं कारण होऊ शकत नाही. शिवाय वयाचा परिणाम ज्या वाद्यात सर्वांत जास्त दिसायला हवा, त्या व्हायोलिनची परीक्षा झालेली आहे. क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली इंडियानापोलिसमध्ये २१ वादकांना काळे चष्मे घालून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी होती, तीन जुन्या इटालियन कारागिरांची. घरी कोणतं न्यायला आवडेल, असं विचारल्यावर १३ जणांनी नवं निवडलं. पुढं पॅरिसजवळ दहा नामवंत एकल वादकांबरोबर अशीच परीक्षा झाली आणि दहापैकी सहांनी नवं व्हायोलिन घेतलं. हे प्रयोग लहान आहेत, हे मान्य करायला हवं. सहा वाद्यांवरून सगळ्या जुन्या व्हायोलिनांबद्दल निकाल देता येत नाही. पण इथं तेवढा निकाल नकोच आहे. वय झाकलं की उत्तम वादकालाही ते ओळखता येत नाही, एवढं कळलं तरी पुरे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. फरक हा हाताच्या चुकांतून येत असेल तर संगणकावर चालणारं यंत्र त्या चुका काढून टाकेल. मग जुन्या घडणीत कौतुक करण्यासारखं उरलं काय? याचं उत्तर देताना फरकांचे दोन प्रकार वेगळे काढावे लागतात, आणि या विषयावरच्या बहुतेक वादांत ते एकत्र कालवलेले असतात. एका प्रकारात बरोबर उत्तर ठरलेलं असतं. दांडीवरचा पडदा कुठं बसवायचा, हे गणितानं ठरतं. दुसऱ्या प्रकारात असं उत्तरच नसतं. दांडी किती जाड हवी हे वाजवणाऱ्याच्या तळहातावर अवलंबून, वेढे किती हवेत हे त्याला कोणता आवाज हवा त्यावर. पहिल्या प्रकारातला फरक हा दोष आहे आणि यंत्रानं तो काढला हे उत्तमच झालं. दुसऱ्या प्रकारातला फरक काढून टाकला तर निवडीची शक्यताच जाते, कारण सगळ्या वाद्यांत मग कारखान्यातल्या एकाच माणसाची पसंती उतरते.

महाराष्ट्रात हे दोन प्रकार वेगळे ठेवणारी एक जुनी परंपरा आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, शस्त्रांचं काम ओसरत चालल्यावर, शिकलगार समाजातल्या कारागिरांनी तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं आद्य नाव. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तुणाचं लाकूड यांतून तिथला तंबोरा होतो, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा वेलीवर वाढतो, त्यामुळे दोन तंबोरे सारखे होण्याचा प्रश्नच नसतो. कारागीर भोपळा पाहून मग दांडीची आणि तबलीची मापं ठरवतो. पण खरी गोष्ट तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर आहे. घोडीचा वरचा पृष्ठभाग किंचित उतरता घासून जवारी काढतात आणि तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून ती बोलती करतात. कुणाला जवारी खुली लागते, कुणाला बंद. गाणाऱ्याच्या आवाजाची पट्टी आणि जात पाहून ती ठरते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीवर शोधनिबंध लिहिला. तार जिथं छेडली नेमका तिथंच ज्यांचा स्थिर बिंदू पडतो, आणि म्हणून जे ऐकू यायला नकोत, तेही उपस्वर या घोडीमुळे ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. उत्तम जवारीचं एकच माप लिहून ठेवलेलं नाही याचा अर्थ जवारीत शास्त्र नाही असा होत नाही. जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात गायकाच्या मागं दोन तंबोरे जुळून वाजतात तेव्हा त्यांच्या तारा एकाच सुरात लावलेल्या असतात; त्यांचे भोपळे मात्र एकमेकांसारखे नसतात.

आता खान्देशाच्या रस्त्यावर येऊ. वरातीत बँडच्या गाडीवर किंवा खांद्याला अडकवून जो बँजो वाजतो, त्याचा पाश्चात्त्य बँजोशी नावापुरताच संबंध आहे. त्याचा पूर्वज जपानी. नागोया शहरातल्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली एक वाद्य काढलं, ज्यात टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून तार अडवायची आणि दुसऱ्या हातानं नखीनं छेडायची. भारतात आलं तेव्हा त्याला बुलबुलतरंग म्हणाले. पाकिस्तानातल्या बलुच वादकांनी त्याच्यातून बेंजू घडवला. आपल्याकडे त्याला पिकअप जोडला गेला आणि बँजो झाला. लांबट लाकडी पेटी, वर कळांचा पत्रा, मुख्य सुराच्या दोन-तीन तारा, बाजूला सूर धरणाऱ्या तारा, आणि खाली चुंबकावर गुंडाळलेली तार. पोलादी तार, लोहचुंबक आणि वेढे या तिन्ही गोष्टी पाहता तो इलेक्ट्रिक गिटारीचा सख्खा चुलतभाऊ आहे.

त्यात दोन्ही प्रकारचे फरक एकाच पेटीत नांदतात. तारेची वाजती लांबी ५० सेंटिमीटर आहे असं धरू. पहिली कळ टोकापासून २.८ सेंटिमीटरवर तार अडवते. पुढं अंतरं कमी कमी होत जातात आणि दोन सप्तकांच्या शेवटी लगतच्या दोन कळांत जेमतेम ७ मिलिमीटर उरतात. कळ बसवताना १ मिलिमीटरची चूक झाली, तर पहिल्या कळेला अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकी चारही भाग बिघडत नाहीत, ते कुणाला कळणारही नाही. तीच चूक चोविसाव्या कळेला झाली तर चौदा भाग बिघडतात, आणि सराईत कानाला पाचसहा भागांचा फरकही खटकतो. म्हणजे कारागिराची खरी परीक्षा पत्र्याच्या वरच्या टोकाला आहे. त्याशिवाय कळ खोल दाबली की तार थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. स्प्रिंग किती कडक, तार कळेपासून किती उंच, यावर हे अवलंबून. हे सगळे पहिल्या प्रकारातले फरक, त्यांत बरोबर-चूक आहे. पिकअपचे वेढे, चुंबकाचा जोर, पेटीची लांबी-रुंदी हे दुसऱ्या प्रकारातले. एका बँजोचा आवाज कर्ण्यातून टोकदार निघतो आणि ताशाच्या वरून ऐकू जातो, दुसऱ्याचा मऊ निघतो आणि बसून गाणाऱ्याच्या साथीला शोभतो. यात चूक कुणाचीच नाही.

खान्देशाच्या हवेचीही या घडणीत भर पडते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या पुढं जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते; जुलैत तीच हवा ओली होते. लाकूड रेषांना आडवं आकसतं आणि फुगतं, लांबीत जवळजवळ बदलत नाही. म्हणून पेटीची वरची फळी वर्षातून एकदा खाली बसते, एकदा उचलली जाते, आणि तारेची उंची तिच्याबरोबर हलते. बारीक तारेवरचं इनॅमल उष्णतेनं आणि ओलीनं हळूहळू खराब होतं, एखादा वेढा शेजारच्या वेढ्याला चिकटतो, आवाज दबतो. लग्नसराई नेमकी भर उन्हाळ्यात असते, त्यामुळे वाद्य सर्वांत जास्त वाजतं तेव्हाच त्याच्यावर सर्वांत जास्त ताण असतो. एखाद्या बँजोचा पत्रा बदललेला, तारदान बदललेलं, पिकअप नव्यानं गुंडाळलेला असेल तर त्यात विशेष काही नाही, तोच त्याचा इतिहास आहे.

तिसरा आक्षेप इथंच येणार. फेंडर आणि गिब्सन ठीक, मिरजेचा तंबोराही ठीक. पण वरातीतल्या बँजोसाठी एवढा खटाटोप कशाला? तो स्वस्त आहे, त्याच्यावर कुणा उस्तादाचं नाव नाही, आणि आता कीबोर्ड व ऑक्टोपॅडनं त्याची जागा घ्यायला सुरुवातही केली आहे. हा आक्षेप इतिहास जरा विसरतो. १९५० साली फेंडरची गिटार आली तेव्हा वाद्यांच्या धंद्यातली जाणती माणसं तिला बर्फ ओढायचं फावडं किंवा होडीचं वल्हं म्हणत. ती महागडी कलाकृती म्हणून बनलेलीच नव्हती. नाचघरात, गोंगाटात, गावोगाव फिरणाऱ्या वाद्यवृंदाला मोठा आवाज हवा होता, वाद्य पडलं-झडलं तरी दुरुस्त करता यायला हवं होतं, दांडी मोडली तर चार स्क्रू काढून दुसरी बसवता यायला हवी होती. वरातीतल्या बँजोला नेमकं हेच हवं असतं. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या मोठ्या कंपनीनं फेंडर विकत घेतली आणि लोकांना जुन्या गिटारींची किंमत कळू लागली, ती बदल झाल्यावर. त्याआधी त्या रोजच्या वापरातल्या वस्तू होत्या. फरक इतकाच की तिथं वाद्यं टिकली होती, म्हणून मागं वळून निवड करता आली. इथं कीबोर्ड आला की जुना बँजो माळ्यावर जातो, पिकअपमधली तांब्याची तार भंगारात जाते, आणि चांगला कोणता, सुमार कोणता हे कळायच्या आत दोन्ही नाहीसे होतात. स्वस्तपणा हा इथं काम लवकर करण्याचा मुद्दा ठरतो.

काम काही अवघडही नाही. माळ्यावरचा बँजो उतरवून त्याचा पत्रा उघडला, तर पोथी पाहणाऱ्या अभ्यासकासारखं क्रमानं पाहता येतं. कळांच्या खुणा पंचानं मारलेल्या आहेत की पेन्सिलीनं आखलेल्या, वरच्या टोकाच्या कळा पुन्हा सरकवल्याची जुनी भोकं दिसतात का, पेटीचे सांधे सरसाचे आहेत की खिळ्यांचे, चुंबक अखंड पट्टी आहे की सुटे तुकडे, तारेवरचं इनॅमल तांबूस आहे की काळपट. तारेची वाजती लांबी आणि प्रत्येक कळेचं अंतर टेपनं मोजावं, विशेषतः शेवटच्या आठ कळांचं. मग पिकअपची दोन टोकं मोकळी करून ती रिवाइंडिंगच्या दुकानात न्यावी. मोटारीचं वायंडिंग तपासायला जो मल्टिमीटर तिथं टेबलावर पडलेला असतो, त्याचाच काटा किंवा आकडा या गुंडाळीचा रोध सांगतो, एका मिनिटात. शेजारच्या गावातल्या दुसऱ्या बँजोचा आकडा त्याच्याशेजारी लिहिला की तुलना सुरू होते. लिहायला जागाही वाद्यातच आहे. पत्र्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं रोध, तारखेसह, आणि मोजणाऱ्याची दोन आद्याक्षरं.